गवतराजे आणि त्यांचं कोरं मैदान

आमच्या विद्यापीठात दोनच माणसांचा दरारा होता. एक परीक्षा विभागाचे प्रमुख आणि दुसरे गवतराजे. कुलगुरूंना कुणी फारसं घाबरत नसे. कुलगुरू येतात आणि जातात, गवत मात्र जागच्या जागी असतं.

गवतराजे हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पोरांनी ठेवलं, आणि असं चपखल बसलं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागे वळूनही बघत नसत. हुद्दा म्हणाल तर मैदान कामगार. पण चाल अशी, जणू स्वारी राज्याच्या पाहणीला निघाली आहे. अंगानं काटकुळे, मान पुढे काढलेली, एका खिशात खुरपं, दुसऱ्या खिशात शिट्टी. खुरपं तणासाठी आणि शिट्टी माणसांसाठी. या दोहोंत ते फारसा फरक करत नसत.

विद्यापीठाचं आवार तसं देखणं. दर्शनी इमारतीपुढे फुलांचे वाफे, दोन्ही अंगांना छाटलेली झुडपं, आणि सावलीत बाकं. या बाकांना रंग द्यायची विद्यापीठाला एक खोड होती, म्हणजे कुणीतरी मोठा पाहुणा येणार असला की आदल्या दिवशी रंग. इतिहास विभागाचे प्रमुख एकदा त्यावर टेकले आणि दिवसभर पाठीवर हिरवे पट्टे घेऊन तासांवर तास घेत हिंडले. कुणी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेल. मीही त्यातलाच, पण माझं सोडा.

हे सगळं सांभाळायला चार माळी होते. ग्रंथालयामागचं मैदान मात्र एकट्या गवतराजांचं. भोवती धावण्याचा मार्ग, मधे गवत. आणि गवत कसं म्हणता? जाताना एका दिशेनं आणि येताना दुसऱ्या दिशेनं यंत्र फिरवून त्यांनी त्यात फिके आणि गडद पट्टे पाडलेले. दोरी ताणून मारलेली फक्कीची पांढरी रेघ इतकी सरळ, की मोजपट्टीनं मान खाली घालावी. रेघ मारताना ते पोत्याचे तुकडे पसरत आणि त्यांच्यावरून मागे मागे सरकत, कारण स्वतःच्या पायांचा ठसाही उमटलेला त्यांना खपत नसे.

एवढं सगळं झाल्यावर मैदानावर खेळायचं कुणी? कुणीच नाही.

"काका, आज खेळू?" पोरं विचारायची.

"आज पाणी घातलंय."

दुसऱ्या दिवशी, "काका, आज?"

"आज खत टाकलंय."

"मग उद्या?"

"उद्या कापणार. कापल्यावर त्याला धक्का बसलेला असतो. तुझे केस कापल्यावर तुझ्या डोक्यावर कुणी फुटबॉल खेळलं तर चालेल का?"

क्रीडाशिक्षक म्हणजे दाराएवढा माणूस, पण स्वभावानं लोणी. गवतराजांशी वाद नको म्हणून त्यांनी फुटबॉलचा संघ वसतिगृहामागच्या रस्त्यावर नेला आणि धावणाऱ्या मुली पाण्याच्या टाकीभोवती फिरवल्या. टाकी लहान, त्यामुळे त्या मुलींना सरळ धावायची सवयच राहिली नाही. स्पर्धेला गेल्या की सगळ्या डावीकडे कलायच्या.

परक्यांचं सोडा, गवतराजांची बायकोही या कायद्यातून सुटली नव्हती. वहिनी दर्शनी इमारतीत साफसफाईला. मोठं सभागृह, त्यापुढचे व्हरांडे आणि जिने त्यांच्याकडे. दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन निघायच्या. मधून गेलं तर पलीकडच्या कडेचं त्याचं अवजारांचं खोपट समोरच, पण त्यांना अख्ख्या मैदानाला वळसा घालून जावं लागे.

"लग्न माझ्याशी झालंय की गवताशी?" एकदा त्यांनी मला ऐकू येईल अशा बेतानं विचारलं होतं.

"तू रागावतेस. गवत रागावत नाही," स्वारीचं उत्तर.

तर असं हे राज्य सुखात चाललेलं असताना इमारत विभागात नवा इंजिनिअर आला. तरुण, हसतमुख, डोळ्यांवर काळा चष्मा. कुलगुरूंनी त्याला एकच काम दिलं होतं, की वाटेल तिथे उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी आवाराची कळा गेली आहे, त्यांना एक जागा शोध. तो आठवडाभर टेप घेऊन फिरला आणि फिरत फिरत मैदानाच्या कठड्याशी येऊन थांबला. मी शेजारच्याच बाकावर होतो. बाकाचा रंग वाळलेला होता, हे आधी बोट लावून बघितलं होतं.

"वा!" इंजिनिअर म्हणाला. "काय ठेवलंय हो मैदान!"

गवतराजांची छाती इंचभर फुगली. "नुसतं बघा साहेब. एक तण सापडलं तर नाव बदलीन."

"एक पाऊलसुद्धा उमटलेलं दिसत नाही."

"उमटेल कसं? दोन वर्षांत कुणाला आत येऊ दिलं तर ना!"

"दोन वर्षांत एकही सामना नाही?"

"एकही नाही," गवतराजे अभिमानानं म्हणाले.

"सराव?"

"नावच काढू नका."

"म्हणजे या मैदानाचा वापर..."

"शून्य!" आणि वर हसले.

इंजिनिअरनं मनापासून आभार मानले, हात मिळवला आणि तो गेला. गवतराजे संध्याकाळपर्यंत तो हात धुवायला तयार नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे त्यांना कुणी सांगावं?

सांगितलं ते वहिनींनी. आमची आणि त्यांची खोली शेजारी शेजारी, मधली भिंत एका विटेची. आता विटाच पातळ, त्यात माझ्या कानांचा काय दोष?

"अहो, सभागृहाचं टेबल पुसत होते. वर मोठा नकाशा पसरलेला. तुमचं मैदान होतं त्यात."

"असणारच! छापणार असतील कुठेतरी."

"त्यात गवत नव्हतं. चौकोनच चौकोन होते. लहान लहान, ओळीनं."

"वाफे असतील."

"वाफ्यांवर 'गाडी' असं लिहितात का?"

 मी तर भांडं खाली ठेवायचंही थांबलो.

"साहेब म्हणाले, वा, काय ठेवलंय," गवतराजे पुटपुटले.

"ठेवलंयच ना! शोकेसमध्ये ठेवल्यासारखं. कोण म्हणेल तिथे खेळतात? वापरच नाही तर लावू दे गाड्या, असं ठरलंय. पुढच्या आठवड्यात कुलगुरू स्वतः बघायला येणार आणि मग सही."

"वापर नाही असं कुणी सांगितलं त्यांना?"

पलीकडे वहिनी भांडी आवरायला लागल्या. त्यांना नवरा ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी आवारानं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. गवतराजे वसतिगृहामागच्या रस्त्यावर गेले. तिथे फुटबॉल रंगात आला होता. त्यांना लांबून बघताच सगळा संघ पांगला. कुणी भिंतीवरून, कुणी सायकल टाकून. गोलकीपर तर कचऱ्याच्या पिंपामागे बसला. रस्त्यात उरला एकटा चेंडू. एरवी तो गवतराजांनी काखेत मारला असता. आजवर जप्त केलेले सगळे चेंडू खोपटात एका पिंजऱ्यात होते, आणि तो पिंजरा चांगला भरला होता.

"अरे, बाहेर या! खेळायला बोलवायला आलोय!"

पिंपामागून आवाज आला, "काका, आम्ही काही केलं नाही!"

"तोच तर वांधा झालाय! काहीतरी करा!"

कुणी येईना. मग त्यांनी खोपटातला पिंजरा हातगाडीवर घातला आणि वसतिगृहाच्या दारात नेऊन उपडा केला. चेंडू उड्या मारत पायऱ्यांवरून गडगडले. तेव्हा कुठे पोरं हळूहळू बाहेर आली आणि आपापला चेंडू ओळखू लागली. एका शेवटच्या वर्षाच्या मुलानं पहिल्या वर्षी गमावलेला चेंडू छातीशी धरला, आणि वर विचारलं, "काका, यातली हवा गेली, ती भरून मिळेल का?" गवतराजांनी दातओठ खाल्ले, पण हवा भरून दिली.

संध्याकाळी फाटक उघडलं. पोरं आली, पण कशी? कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर पाहुणा कोचाच्या कडेवर बसतो, तशी. चवड्यांवर चालत होती. चेंडूला लाथ मारण्याआधी गवतराजांकडे बघत होती. गवतराजे कठड्याला घट्ट धरून उभे होते आणि दर लाथेला डोळे मिटत होते.

"हा खेळ नाही," वहिनी म्हणाल्या. त्या कामावरच्या चौघी बायकांना घेऊन आल्या होत्या. "ही मयतीला आलेली माणसं वाटतात. सरा बाजूला."

"तू काय करतेस?"

"धावते."

"या वयात?"

"रोज जिने चढते उतरते ते कुठल्या वयात? शाळेत पहिली यायचे मी. तुम्ही कधी विचारलंत का?"

गवतराजांनी खरोखरच कधी विचारलं नव्हतं. वहिनींनी चपला काढून कठड्यापाशी ठेवल्या, पदर खोचला आणि निघाल्या. मागून चौघी. पहिल्या वळणावर त्यांतली एक हसता हसता बसली, दुसरी तिला उठवताना बसली. टाकीभोवतीच्या मुलींना हे कळलं तशा त्याही धावत आल्या आणि सवयीनं डावीकडे कलत मावश्यांना वळसा घालून पुढे गेल्या. मग पोरांचीही भीड चेपली. पहिली सणसणीत लाथ बसली, गवताचा एक तुकडा उडाला, आणि गवतराजांच्या तोंडून "आई गं!" असा आवाज निघाला. पण शिट्टी त्यांनी वाजवली नाही. ती बायकोच्या मुठीत होती.

आठवडाभर हे रोज चाललं. पट्टे पुसले गेले. गोलखांबांपुढे माती दिसू लागली. रोज सगळे गेल्यावर गवतराजे गुडघ्यांवर बसून उडालेले तुकडे गोळा करत आणि ज्याचं त्याच्या जागी बसवून तळव्यानं दाबत. अशाच एका वेळी क्रीडाशिक्षक भीत भीत जवळ आले.

"फारच खराब झालं का हो?"

"खराब कुठलं? उद्ध्वस्त झालंय," गवतराजे म्हणाले. मग मान न उचलताच, "तो तुमचा लांब केसांचा पोरगा. डाव्या पायानं चांगला मारतो. त्याला इकडून खेळवा, तिकडे फुकट घालवताय."

क्रीडाशिक्षक तिथेच गवतावर बसले. वर्षानुवर्षं शेजारी काम करून ते दोघे खेळाविषयी पहिल्यांदाच बोलत होते.

कुलगुरू आले ते ऐन खेळाच्या वेळी. सोबत इंजिनिअर, त्याच्या काखेत नकाशा. आत एका टोकाला फुटबॉल, दुसऱ्या टोकाला व्यायाम, कडेनं धावणाऱ्या मुली आणि त्यांच्या मागे वहिनींची पलटण. इंजिनिअरनं काळा चष्मा काढला.

"तुम्हीच म्हणालात ना, वापर शून्य?"

"म्हणालो," गवतराजे म्हणाले. खोटं बोलायची त्यांना अक्कल नव्हती, आणि त्या दिवशी तीच कामाला आली. "शून्यच होता. माझ्यामुळे. पोरं यायला तयार होती, मी येऊ देत नव्हतो. चूक माझी आहे साहेब, मैदानाची नाही. शिक्षा करायची तर मला करा. गाड्या लावायच्या तर माझ्या खोपटावर लावा."

 जवळून बघावं म्हणून कुलगुरू बुटांसह गवतात उतरले आणि बरोबर त्या जागेकडे निघाले जिथे सकाळीच बी टाकलेलं होतं.

"ओ! तिकडून नाही!" गवतराजे ओरडले. "डोळे फुटलेत का? कडेनं या!"

सगळं मैदान थांबलं. चेंडू आपला आपण घरंगळत जाऊन कडेला थांबला. गवतराजांचा चेहरा पांढरा फटक. कुलगुरूंनी पाय उचलला, खाली बघितलं, आणि चवड्यांवर तोल सांभाळत कडेला आले.

"इथे गाड्या लावल्या," त्यांनी इंजिनिअरला विचारलं, "तर ही मंडळी कुठे जातील?"

"वसतिगृहामागचा रस्ता आहे सर."

"आणि जुन्या प्रयोगशाळेमागे काय आहे?"

"मोडकी बाकं आणि कपाटं सर. ढीग आहे."

"मग गाड्या तिथे. ढीग तुम्ही हलवा." आणि जाता जाता गवतराजांना म्हणाले, "मैदान राहील. पण रोज उघडं हवं, सगळ्यांना. बंद दिसलं की नकाशा पुन्हा काढीन."

पोरांनी एकच गिल्ला केला. वहिनी तिथेच कठड्यावर बसल्या आणि दम लागल्याचं निमित्त करून पदरानं डोळे पुसले. गवतराजे मात्र गोलखांबांपुढच्या उघड्या मातीकडे बघत होते.

खरी गंमत दुसऱ्या दिवशीची. संध्याकाळी सगळे आले तर फाटकाला कुलूप! आत गवतराजे खुंट्या ठोकत होते. पोरांचे चेहरे उतरले. वहिनी तरातरा पुढे झाल्या.

"अहो, काल जीव वाचला आणि आज परत तेच? लाज वाटते का?"

"ओरडू नकोस. थांब जरा." त्यांनी शेवटची खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि मागे सरून तिची सरळ रेघ न्याहाळली. मैदानाचे बरोबर दोन भाग झाले होते. मग किल्ली काढून त्यांनी फाटक सताड उघडलं. "हा भाग तुमचा. तो भाग आठवडाभर झोपणार. मग अदलाबदल. दोरीपलीकडे चेंडू गेला तर मी आणून देईन, तुम्ही जायचं नाही."

"आणि गोलखांब?" लांब केसांच्या मुलानं विचारलं.

"उचलून इकडे आणा की! मी एकटा आणू का? चौघं धरा. अरे, घासू नका, उचला! आणि तू, डाव्या पायाच्या, तू आतल्या बाजूनं उभा राहा. सगळ्यांसमोर सांगतो, काल दोन गोल घालवलेस तू."