आमेनमावशींची उघडी प्रार्थना

आमेनमावशी स्वतः कधीही आमेन म्हणत नसत. नगरात आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना हे नाव कुणी दिलं ते माहीत नाही, पण ते चिकटलं ते याच कारणानं. प्रार्थना करायच्या अगदी मनापासून, आणि शेवटाला आल्या की गप्प. हात जोडलेले, डोळे अर्धे उघडे, आणि समोरच्या माणसाकडे बघत बसायच्या. त्यानं आमेन म्हटलं तर प्रार्थना पुरी झाली. नाही म्हटलं तर पिशवी उचलून उठायच्या. "बरं. उघडी राहू द्या. पुढल्या येळंला बघू."

नव्या माणसाची फार पंचाईत व्हायची. घरप्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसलेले असायचे, बाहेर चहा उकळून उकळून काळा व्हायचा, आणि यजमानाला कळतच नसे की सगळे आपल्यासाठी थांबलेत. पाळकसाहेब एकदा वैतागून म्हणाले, "मावशी, तुम्हीच म्हणून टाकत जा की." त्यावर मावशी म्हणाल्या, "साहेब, अर्ज मी लिवते. सही ज्याची त्यानं करायची. माझ्या सहीवर त्याचं काम कसं हुईल?" पाळकसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मावशी मूळच्या पारनेरकडच्या एका कोरडवाहू गावच्या. नगरच्या एका दवाखान्यात त्यांनी आया म्हणून सगळी उमर काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर चर्चच्या जुन्या कंपाउंडमध्ये विहिरीजवळच्या एका खोलीत राहत. काम सुटलं तरी दवाखाना सुटला नाही. दुपारी भेटीची वेळ झाली की कापडी पिशवी घेऊन हजर. पिशवीत प्लास्टिकचं कव्हर घातलेला नवा करार, आल्याच्या वड्यांची डबी आणि एक स्टीलचा पेला. प्रार्थनेआधी आजाऱ्याला दोन घोट पाणी पाजायच्या. "कोरड्या तोंडानं आमेन निघत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

प्रार्थनेत त्या देवाला पूर्ण पत्ता सांगत. "बापा, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडनं तिसरी खाट, सुमनबाई, पाय सुजलाय तो डावा." मी एकदा हसून विचारलं, देवाला एवढंही कळत नाही का? त्या गंभीरपणे म्हणाल्या, "एका नावाच्या दोन बाया आसल्या की डबा चुकतो, भाऊ. मी लई येळा बघितलंय."

त्यांच्या लेखी सहीची भाषा कुठलीही चाले. दम्यानं बेजार झालेल्या एका मुसलमान चाचांसाठी त्यांनी प्रार्थना केली आणि थांबल्या. चाचांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून "आमीन" म्हटलं. मावशी इतक्या खूश झाल्या की त्यांना दोन वड्या जास्त दिल्या. पारनेरच्या एका शेतकरीण बाईला तर काय म्हणायचं ते ठाऊकच नव्हतं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "व्हय बाई, तसंच हुऊ द्या." मावशींनी तेही धरलं. "हिनं तर आर्थासकट म्हनलं," असं त्या नंतर चारजणांना सांगत होत्या.

माझी न् त्यांची गाठ पडली ती शैलामुळे. शैला माझी बायको. मी वीज खात्यात लाइनमन होतो. वायर नीट जोडली की दिवा लागतो, नाही जोडली तर लागत नाही, एवढाच माझा धर्म. चर्चला जायचो ते नाताळला, नव्या शर्टाची घडी मोडायला. शैलाचं तसं नव्हतं. ती शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा मावशी रोज तिच्या खाटेशी येत. शेवटच्या दुपारी शैलानं एकच मागितलं होतं, पुण्याहून नितीन वेळेवर पोचू दे. नितीन आमचा एकुलता एक मुलगा. मावशींनी देवाला पत्ता सांगितला, बस कुठल्या रस्त्यानं येते तेही सांगितलं. शैलानं आमेन म्हटलं. स्पष्ट म्हटलं. मी ऐकलंय.

नितीनची बस शिरूरच्या पुढे अडकली. तो आला तेव्हा शैला जाऊन तास झाला होता.

दफनाच्या वेळी तो रडायला लागला आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "आता कशाला रडतोस? आधी यायचं होतंस." कबरस्थानाच्या फाटकाशी मंडळीतली पन्नास माणसं उभी होती. नितीननं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याच संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. आपण बोललो ते चूक होतं, हे मला फाटकाशीच कळलं होतं. पण माझी जीभ पुढे जायला तरबेज, मागे यायचं तिला कुणी शिकवलंच नाही.

नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या फ्लॅटला तीन खोल्या आहेत. एकट्या माणसाला तीन खोल्या म्हणजे शिक्षाच. मी पलंगावर झोपणं सोडलं, बाहेर खुर्चीत टीव्हीसमोर झोपायला लागलो. भाजी एकदाच करायची आणि ती तीन वेळा खायची. कधी कधी दिवस मावळताना ध्यानात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग उगाच "अरे वा" असं काहीतरी मोठ्यानं म्हणून बघायचो, आवाज शाबूत आहे ना म्हणून.

दर गुरुवारी चार वाजता मात्र जिन्यात मावशींच्या चपला वाजायच्या. दोन मजले चढून त्या धापा टाकत यायच्या, आणि मी चहा टाकायचो. मग प्रार्थना. दर वेळी तीच. "बापा, सावेडी, पान्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला. ह्या मानसाच्या तोंडातनं एक कडू शबुद गेलाय. त्यो त्याला माघारी घेता येऊ दे. पोराला फोन करायचं बळ दे." आणि मग थांबायच्या. मी खिडकीबाहेर बघायचो. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत राहायचं. शेवटी पेला पिशवीत टाकत त्या म्हणायच्या, "बरं. उघडी राहू द्या."

एका गुरुवारी माझा तोल गेला. मी म्हणालो, "मावशी, शैलानं आमेन म्हटलं होतं ना? सही केली होती ना? मग काय झालं तिच्या अर्जाचं?"

मला वाटलं, आता बायबलमधलं वचन काढतील, देवाची योजना समजावतील. तसं झालं असतं तर मी त्यांना दाराबाहेर काढलं असतं. त्यांनी पेला पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "मला न्हाई ठाव. म्या बी लई विचारलं त्याला. मी आया हुते, भाऊ, डाक्टर न्हाई. निरोप तेवढा पोचवते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केलीच नाही. दोघं नुसते बसलो आणि चहा प्यायलो. माझ्या दुःखाला उत्तर नाही असं कबूल करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि का कोण जाणे, मला हलकं वाटलं.

जाता जाता मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेला कोण आमेन म्हणतं?"

त्या दाराशी थांबल्या. "कोन म्हननार? खोलीत मी येकलीच. आठवडाभर तशाच राहत्यात उघड्या. रविवारी मंडळीत समदे संगट आमेन म्हनत्यात न्हवं, त्यात माझ्या बी घालून टाकते." असं म्हणून हसल्या आणि कठड्याला धरून खाली उतरल्या. त्यांच्या चपलांचा आवाज संपेपर्यंत मी दारात उभा होतो.

पुढे पावसाळ्यात त्या विहिरीपाशी शेवाळावर घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. पाळकसाहेब मला म्हणाले, "मावशींना काही कमी नाही, डबा दोन्ही वेळेला जातो. पण रविवारी बेचैन असतात हो. घंटा ऐकू येते आणि येता येत नाही." मला एकदम त्यांचं ते बोलणं आठवलं. आठवड्याच्या सगळ्या प्रार्थना उघड्या, आणि त्या घालायला जागा नाही.

म्हणून मी रविवारी उपासना सुटली की त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. मी आधी पेल्यातलं दोन घोट पाणी त्यांना पाजायचो. मग त्या आठवडाभराचं एकेक काढायच्या. छपरातून गळतंय. आमेन. गुडघा रात्रभर ठणकतो. आमेन. शेजारणीची नात परीक्षेला बसलीय. आमेन. दवाखान्यातल्या खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवर आता कोण असेल, तिला बरं वाटू दे. आमेन. देव ऐकत होता की नाही ते देवाला माहीत. पण मावशींसाठी म्हणताना माझ्या जिभेला काही जड जात नव्हतं. मी आपला मस्टरवर सह्या केल्यासारखा भराभर म्हणत सुटायचो. छप्पर मीच शिडी लावून दुरुस्त केलं. एकदा आमेन म्हटल्यावर नुसतं बघत बसणं बरं दिसेना.

अशाच एका रविवारी त्यांनी त्याच सुरात सांगितलं, "बापा, डब्यात मीठ जास्ती असतं."

"आमेन."

"खाटंची पट्टी ढिली झाली."

"आमेन."

"सावेडी, टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, पोराला फोन करायचं बळ दे."

"आमेन," मी म्हणालो.

मावशी उशीवरून मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. "म्हनलात!" त्या म्हणाल्या. "देवासमोर म्हनलात. आता फिरायचं न्हाई, भाऊ."

मी म्हणालो, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, "हाय. त्याची माफी मी मागंन. त्याला तुमी आमेन म्हना."

त्या दुपारी मी फोन हातात घेऊन किती वेळ बसलो, सांगता येत नाही. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांनी फोन वाजला.

"पप्पा?"

काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. तोंडातून आलं, "दोन दिवस टाकीत पाणी चढत नाहीये."

"मोटर बघितली का?" तो म्हणाला. जन्म विजेत घालवलेल्या बापाला तो विचारत होता, मोटर बघितली का! मला हसू आलं. मी म्हणालो, "नितीन, फाटकाशी मी बोललो ते चुकलं रे माझं."

तो म्हणाला, "पप्पा, बस अडकली होती तेव्हा मी खाली उतरून रस्त्यानं पळत सुटलो होतो. अर्धा किलोमीटर पळालो. मग बस मागून आली आणि कंडक्टरनं हाताला धरून वर घेतलं." हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

सगळं गोड झालं असं नाही. नितीन नाताळला आला, दोन दिवस राहिला, आईच्या कबरेवर फुलं ठेवून गेला. त्याचा संसार तिकडे, माझ्या तीन खोल्या इकडे. पण रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, आणि मी पुन्हा पलंगावर झोपायला लागलोय.

उन्हाळ्याच्या तोंडाला मावशींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या वॉर्डात त्या हिंडल्या त्याच वॉर्डात, खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवर त्यांना ठेवलं होतं. मी दुपारी गेलो. त्यांनी डाव्या हातानं आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे खूण केली. मला कळलं. मी पेला काढला आणि चमच्यानं दोन घोट पाणी पाजलं. मग आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. "बापा, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट. ही बाई जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसली. हिला एकटं वाटू देऊ नकोस."

आणि मी थांबलो. मावशींचे डोळे माझ्यावरच होते. ओठ किंचित हलले, पण आवाज आला नाही. मी थांबून राहिलो. सिस्टर आली आणि म्हणाली, "काका, वेळ संपली."

मी उठलो. "बरं, मावशी," मी म्हणालो, "उघडी राहू द्या. उद्या बघू."

पहाटे त्या गेल्या.

दफनाला मंडळी बरीच होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सवयीनं सगळेच क्षणभर थांबले, जणू मावशी कुणाकडे तरी बघत असतील. मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही.

आता दर रविवारी मी मंडळीत असतो. आठवडाभराच्या माझ्या उघड्या प्रार्थना, गुडघा, नितीनची नोकरी, गुरुवारच्या चार वाजताची ती शांतता, सगळ्यांच्या आमेनमध्ये घालून टाकतो. मावशींच्या खाटेशी केलेली ती एक मात्र बाजूला ठेवतो. एकदा फोनवर नितीनला हे सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, मी म्हणू का आमेन?"

माझ्या पोरानं असं विचारावं, याहून मोठं मला काय हवं होतं? पण मी म्हणालो, "नको रे. त्यावर मावशींची सही बाकी आहे. तोवर राहू दे उघडी."