दामूअण्णांची मुकी रायफल

आमच्या रायफल क्लबात नेमबाजी कमी आणि गप्पा जास्त, असं माझी बायको म्हणते. खरं आहे! टोकावड्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची रेंज. रविवारी सकाळी जमायचं, ऊन चढेपर्यंत बार काढायचे आणि मग रस्त्यावरच्या ढाब्यावर चहा. तिथे कोणीतरी नवा माणूस विचारतोच, "ती बारकीशी बंदूक कोणाची हो?" झालं! एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा. एकाच रायफलीचे इतके किस्से साठलेत, आणि ती रायफल धड आवाजसुद्धा करत नाही!

मी सुरेश, शहापूरचा. पंपाच्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं माझं दुकान आहे. बंदुकीचा नाद उशिरा लागला, आणि तोही या रायफलीमुळेच. तेव्हा पहिला किस्सा माझाच.

* * *

क्लबात माझा पहिलाच रविवार होता. शेजारी एक पांढऱ्या टोपीचे, सडपातळ म्हातारे पोतं अंथरून पालथे झोपले. हे दामूअण्णा, धसईकडचे भातशेती करणारे. वडिलांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली रायफल वारसाने यांच्याकडे आलेली, लायसनवर रीतसर चढलेली.

त्यांनी बोल्ट मागे ओढला, काडतूस आत सारलं, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला. मी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले, डोळे बारीक केले, खांदे वर घेतले. आता होणार मोठा बार!

'फट्.'

बस. ओल्या टॉवेलाचा फटका मारावा, तेवढाच आवाज.

"अण्णा, काडतूस फुसकं निघालं वाटतं!"

"नाय रे. गेली की."

"कुठे गेली?"

"जायची तिकडंच!" लांबवर साखळीला टांगलेली नांगराची जुनी तबकडी हलत होती.

मग त्यांनी काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या पेरापेक्षा थोडंसं मोठं! ते रायफलीचं नव्हतंच, रिव्हॉल्व्हरचं होतं. रिव्हॉल्व्हरची आखूड नळी. दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, आणि उरलेली दारू तोंडाशी येऊन भडकते. तेवढीच दारू या लांब नळीत आतल्या आत जळून जाते. बाहेर ओरडायला काही उरतच नाही. धक्का म्हणाल तर लहान मुलाने कोपराने ढोसलं, इतकाच.

"म्हनून हिचं नाव मुकी," अण्णा म्हणाले.

दुकानात बसून दिवसभर मोटारींची घरघर ऐकणारा माणूस मी. एवढं काम करून इतकं गप्प राहणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं!

* * *

सुभेदारकाका आमचे रेंज ऑफिसर. सैन्यात आयुष्य गेलेलं, आवाज असा की डोंगरावरून परत यावा. त्यांनी 'रेंज बंद' म्हटलं की पाखरंसुद्धा थांबतात.

सुरुवातीला ते मुकीची फार चेष्टा करायचे. "ये रायफल नहीं है अण्णा, ट्रकला सायकलची चाकं लावलीत तुम्ही!"

मग त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खांद्याला धक्का बसेल असं काही करायचं नाही. रायफलीचं तर नावच काढू नका! काका रेंजवर यायचे, हुकूम सोडायचे, पण बार सुरू झाले की पाठ फिरवून उभे राहायचे.

एका रविवारी अण्णांनी बोल्ट उघडून, नळी रिकामी दाखवून मुकी त्यांच्यापुढे धरली. "घ्या सुभेदार. ही मारत नाय."

"राहू दे."

"घ्या तर!"

काका झोपले. नेम धरला, चाप ओढला. फट्! गोळी तबकडीच्या हातभर खाली मातीत. पुन्हा. पुन्हा मातीत. ज्याने जन्मभर तरण्या पोरांना नेम शिकवला, त्याचे दोन बार मातीत!

"तुमची सवय फास्ट गोळीची," अण्णा पोत्याशेजारी बसत म्हणाले. "ही सावकाश जाते, जाता जाता खाली बसते. तबकडीवर नका धरू. वर खांबाला साखळी बांधलीय ना, तिच्या गाठीवर धरा."

"तबकडी मारायची आणि बघायचं गाठीकडे?"

"व्हय."

फट्... टण्ण!

काका तसेच पालथे पडून राहिले. मला वाटलं खांदा दुखला. जवळ गेलो तर गाल दस्त्याला टेकलेला आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"काका, लागलं का?"

"लागलं," ते म्हणाले. "ऐकलं नाहीस? तबकडीला लागलं!"

* * *

निवडणूक आली की लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. एकदा अण्णांबरोबर मीही गेलो होतो. टेबलामागे एक हवालदार. कामाला चोख, पण जरा तिरकस.

"रायफल का?"

"व्हय."

"काडतूस कुठलं?"

"रिव्हॉल्व्हरचं."

हवालदारांनी मान वर केली. "बाबा, एक काय ते सांगा."

"दोन्ही तेच हाय साहेब. अंग रायफलीचं, गोळी रिव्हॉल्व्हरची."

"म्हणजे म्हशीच्या पोटी कोकरू?"

"लायसनात बघा की, तसंच लिवलंय!"

हवालदारांनी लायसन वाचलं, रायफल हातात घेतली, रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट ओढला. खटक. ढकलला. खटक. पुन्हा ओढला. चेहऱ्यावरचा तिरकसपणा हळूहळू उतरत गेला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना हाक मारली, "जरा इकडे या, हे बघा. लोणी आहे लोणी!" मॅडमनी ओढून बघितला. मग बाहेरून आणखी दोघे आले. अण्णा आपले टोपी हातात घेऊन, पोरीला बघायला पाहुणे आल्यासारखे उभे!

निकाल लागले. आम्ही रायफल परत न्यायला गेलो. हवालदारांनी ती जपून आणली, अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढची निवडणूक कधी आहे हो?"

* * *

आमच्या रेंजच्या वर जो कडा आहे, तिथे आग्या मोहोळं लागतात. सुपाएवढी, काळीशार. एका उन्हाळ्यात कोणीतरी मोठी रायफल उडवली. आवाज कड्यावर आपटला आणि पोळ्यावरून काळा ढग सुटला! आम्ही ताडपत्रीखाली, गाडीखाली, जिथे जागा मिळेल तिथे. एका मेंबराला इतक्या माश्या चावल्या की मुरबाडला दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. थोडक्यात वाचला.

तेव्हापासून नियम झाला: माश्या आहेत तोवर रेंज बंद.

दोन रविवार आम्ही नुसता चहा प्यायलो. तिसऱ्याला अण्णा म्हणाले, "सुभेदार, मुकीचा एक बार काढून बघू?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"तुमी दुर्बिणीतनं पोळं बघत ऱ्हावा. हाललं तर मी गाडीत बसतो."

बराच वेळ हो-ना झाली. शेवटी बाकी सगळ्यांना गाडीत काचा लावून बसवलं आणि काका दुर्बीण घेऊन एकटे बाहेर थांबले. अण्णा झोपले. आम्ही काचेला नाकं लावून बघतोय!

अण्णांचा खांदा किंचित हलला. काचेतून आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

काकांची दुर्बीण कड्यावरच होती. मग तेही हलले नाहीत, माश्याही हलल्या नाहीत. पोळ्यावरून नुसती एक लाट सरकत गेली, वाऱ्याने भातावरून जावी तशी, आणि शांत झाली.

काका गाडीपाशी आले. जन्मात पहिल्यांदा कुजबुजत बोलले. "रेंज चालू. फक्त अण्णांसाठी."

* * *

मीनल मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात. नेम चांगला, पण डोळ्यांनी दिसल्याशिवाय कशावर विश्वास नाही.

एकदा स्पर्धेची तयारी लांबली आणि संध्याकाळ झाली. सूर्य आमच्या पाठीमागे खाली आलेला. अण्णा बार काढत होते आणि मॅडम त्यांच्या पाठीमागे स्टँडवरच्या दुर्बिणीतून तबकडी बघत होत्या.

फट्. टण्ण.

मॅडम एकदम मागे सरकल्या. "काहीतरी गेलं!"

"काय गेलं?"

"माहीत नाही. चकचकीत. अण्णा, परत मारा!"

फट्. टण्ण.

"सुरेश, इकडे ये. लवकर! डोळा लाव."

मी डोळा लावला. अण्णांनी चाप ओढला, आणि उन्हात एक पिवळा ठिपका वर चढला, अलगद वळला आणि उतरत जाऊन तबकडीवर बसला. गोळी! उडत जाणारी गोळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!

सूर्य बुडेपर्यंत आम्ही आळीपाळीने डोळा लावत राहिलो. काडतुसं संपली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं फळ्यावर ही कमानीसारखी रेघ काढतेय. आज पहिल्यांदा पाहिली."

* * *

आता शेवटचा.

अण्णांना काचबिंदू झाला. उशिरा कळला. आधी तबकडी गेली, मग खांब गेला, मग समोर उभा असलेला माणूस. हयातीतच रायफल काकूंच्या नावावर करायची त्यांनी ठरवलं. काकू म्हणजे त्यांच्या मालकीणबाई. जन्मभर भात लावला, म्हशी सांभाळल्या. बंदुकीला कधी बोट लावलं नव्हतं.

अर्ज केल्यावर लायसन देणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आजी, बंदूक कशाला हवी?"

"ह्यांची हाय," काकू म्हणाल्या. "घरातनं जाया नको."

सुभेदारकाकांनी त्यांना सगळं पद्धतशीर शिकवलं. लायसन आलं आणि एका रविवारी काकू नऊवारीचा काष्टा घट्ट करून पोत्यावर झोपल्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, पुढे मातीचा बांध. शेजारी अण्णा खुर्चीवर, मान जराशी कलती.

फट्. टण्ण.

"डाव्या काठाला," अण्णा म्हणाले.

काकांनी दुर्बिणीतून बघितलं. "बरोबर! डावा काठ!"

फट्. टण्ण.

"आता मधे आली. पन जरा खाली."

मी बघितलं. मधे, जरा खाली! अण्णांना मी माझी किती बोटं दिसतात असं विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. पण तबकडीचा नाद काठावर वेगळा, मधे वेगळा, आणि या रायफलीचा स्वतःचा आवाज इतका थोडा की तो नाद त्यांच्यापर्यंत अख्खा पोचायचा. पुढच्या बारांनाही तेच. काकू मारायच्या, अण्णा सांगायचे, आम्ही दुर्बिणीतून बघून एकमेकांची तोंडं बघायचो.

मग काकूंनी आणखी एक काडतूस भरलं. बोल्ट दाबला. या वेळी बराच वेळ घेतला.

फट्.

टण्ण आलंच नाही. आम्ही थांबलो. तबकडी जागची हलली नव्हती. काका दुर्बिणीतून बांधावर खूण शोधायला लागले.

अण्णा हसले. "गो, डोळे मिटून मारलीस?"

काकूंनी बोल्ट उघडला, रायफल पिशवीवर ठेवली. काका ओरडायला तोंड उघडून तसेच राहिले.

"तुमाला कसं कळतं ते बघत व्हते," काकू म्हणाल्या.

"मंग? मातीत बसल्याली गोळी आली का ऐकाया?"

मी कान टवकारून उभा होतो. काकाही होते. आम्हा दोघांना त्या 'फट्'नंतर काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

"आली," काकू म्हणाल्या.