पांढऱ्या कोटातला ट्रेंड स्टाफ

बाबांचा कॅन्सर हाताबाहेर गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता घरीच न्या. त्रास कमी ठेवायचा, एवढंच." आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात मी विजय नगरातल्या, घरी नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीत गेले. तिथल्या साहेबांनी गुळगुळीत कागदावरची नियमावली दाखवली : प्रशिक्षित नर्स, दर आठवड्याला सुपरवायझरची भेट. "दीदी, हमारा पूरा स्टाफ ट्रेंड है."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटात एक मुलगी आली आणि तिनं दंडावर बांधायचा बीपीचा पट्टा बाबांच्या कोपराखाली गुंडाळला. बाबांची सगळी नोकरी तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तीही तपासणी खात्यात. पडल्यापडल्याही नजर तीच.

"बेटा, पहले कहाँ थी?"

"बड़ा फुहारा बाज़ार में, अंकल. साड़ी की दुकान में. कोट एजन्सी ने दिया."

ती निदान खरं बोलली. बाबांनीच तिला पट्टा बांधायला शिकवलं. तीन दिवसांत ती तयार झाली, आणि चौथ्या दिवशी एजन्सीनं तिला दुसऱ्या घरी पाठवलं. आता ती अनुभवी होती ना!

बदली म्हणून एक मराठी बाई आल्या. कोट नाही, सर्टिफिकेट नाही. लकवा झालेल्या सासूचं मात्र नऊ वर्षं केलेलं. त्या बाबांना वेळेवर कूस बदलून द्यायच्या, टाचांखाली उशी ठेवायच्या, ओठ ओल्या कापसानं पुसायच्या. बाबांच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही.

मग सुपरवायझर आले, पहिल्यांदाच. बाबांचं मनगट धरून फोटो काढून घेतला आणि बाईंकडे सर्टिफिकेट मागितलं.

"नियम में नहीं बैठतीं. कल से दूसरी आएगी."

बाबा मला म्हणाले, "याले विचार, तू काय तपासून राहिला?"

मी विचारलं नाही. एजन्सीची सेवाच बंद केली. बाई म्हणाल्या, "मी इथंच थांबते. अर्ध्यात कसं सोडू?"

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, बाबा गेले. बाईंचा हात त्यांच्या कपाळावर होता, मी पायाशी. फार त्रास झाला नाही.

आठवड्यानं एजन्सीतून गोड आवाजात फोन आला. "मॅडम, पेशंट हमारी सर्विस से संतुष्ट हैं?"

"पेशंट नहीं रहे."

मग त्याच गोड आवाजात, "अच्छा जी. तो शिकायत कोई नहीं, लिख दूँ?"