मुहूर्ताची मेढ

“वैनी, हालू नगं,” आबा म्हणाले. गोठ्याच्या मेढीच्या बुडात त्यांनी खुपसलेला चाकू मुठीपर्यंत आत गेला होता, उकडलेल्या रताळ्यात जावा तसा. मी म्हशीखाली धार काढत होते. वर तुळई करकरली. माझी बोटं आचळावरच थिजली.

आबा आमच्या कार्ले गावातले मेढी रोवणारे. गोठा, मांडव, पडवी, कुठंही शिरले की आधी कोयत्याच्या पाठीनं खांब ठोकायचे, मग बसायचे. लोक हसायचे.

“आबा, सरणाची लाकडं बी ठोकून बघणार व्हय?”

“बघणार. वली असली तर उटून घरी येईन.”

तुम्हीही त्यांना भित्राच म्हटलं असतं. मीही म्हणायचे. पण मेढीचं बूड ते कोळसा धरेस्तोवर जाळात भाजायचे, वर गाडीचं काळं ऑइल फासायचे, खड्ड्यात मातीऐवजी दगडगोटे ठासायचे. “लाकूड खाली तळाला कुजत न्हाई, वैनी. जमिनीतनं वर येतं, तितं कुजतं.”

आमच्या गोठ्याची एकच मेढ त्यांनी भाजली नाही. मुहूर्ताची. हळदकुंकू लावलेल्या लाकडाला विस्तव लावायला ते धजले नाहीत. त्यात माझ्या सासूबाई रोज तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालायच्या. आबा बघायचे आणि मला हळूच म्हणायचे,

“देवाचं हाये. कसं न्हाई म्हणू?”

सासूबाई गेल्या, पाणी थांबलं. आबांची भीती काही गेली नाही. आमच्याकडे आले की त्या मेढीकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. त्या श्रावणात पाऊस उघडेना, म्हणून मुद्दाम सकाळीच बघायला आले होते.

मेढ सरकली. आबांनी तुळईखाली खांदा दिला.

“म्हस सोड!”

दाव्याची गाठ भिजून फुगली होती. माझी नखं मोडली.

“आधी तुमी निघा!”

“मी निघालो तर तुजं मढं निघंल. कोयता घे!”

त्यांच्या पायाशी पडलेल्या कोयत्यानं मी दावं तोडलं. म्हैस दारातच अडली. मी तिच्या पाठीत कोपर हाणलं, पुन्हा हाणलं. वळून बघितलं तर आबांचे डोळे गच्च मिटलेले, पाय लटलट कापत होते. खांदा तेवढा जागेवर होता.

म्हशीमागोमाग मी अंगणात पडले आणि मागं कौलं खाली आली.

त्या गोठ्यातून मी आणि म्हैस, दोघीच जगलो.