बाच्या बाजेवरचं वारं

चार पंखे होते, तळहाताएवढे, बारा व्होल्टचे. औरंगपुऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानातून मी ते एकेक पातं फिरवून निवडून आणले. दुकानदार म्हणाला, "काय कू होना इत्ते?" मी म्हटलं, अळंबीला. वेडी बाई आलीय म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला.

वेड नव्हतं, गरज होती. ज्या कारखान्यात मी सहा वर्षं वायरी जोडल्या तो बंद पडला होता. आमच्या वसाहतीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. थोडक्या पाण्यात येणारं पीक म्हणजे धिंगरी अळंबी, एवढं मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकून आले होते. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत भिजवलेला भुसा पिशव्यांत भरून टांगला, बाहेरच्या खोलीत मी आणि बा.

बा म्हणजे माझे वडील. त्याचा जन्म मेंढरांमागं गेला. त्या साली दुष्काळ पडला, चारा नाही, पाणी नाही, म्हणून शेवटची मेंढरं विकली आणि एक काळी घोंगडी घेऊन तो माझ्याकडं आला. उघड्या माळावर झोपलेला माणूस, स्लॅबखाली त्याचा जीव घाबरा व्हायचा. "इथं वारंच नाय गं माय," म्हणायचा. खोटं नव्हतं. खिडकीतून हात काढला तर टेकेल एवढ्यावर शेजारची तीन मजली इमारत उठत होती. शहर वाढत होतं म्हणे. आमच्या वाट्याला त्यातली धूळ आली.

अळंबीलाही हवा लागते. कोंडली की नुसते लांब दांडे येतात. आतल्या खिडकीला ओलं पोतं लावायचं, म्हणजे गार हवा येते, आणि पंख्यांनी ती दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची. बाहेर म्हणजे घराबाहेर, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. त्यासाठी मागच्या भिंतीला भोक पाडायचं ठरवलंही होतं. पण बा घामाघूम होऊन बाजेवर पडलेला, आणि एवढी गार हवा गल्लीत सोडून द्यायची? मधल्या दारावरच्या झरोक्यात मी चारही पंखे बसवले, तोंडं बाच्या बाजेकडं. लाल वायर लालला, काळी काळीला, वर टेप गुंडाळली. स्कूटरच्या जुन्या बॅटरीला जोडले, म्हणजे लाइट गेली तरी वारं थांबणार नव्हतं.

पंखे भुणभुणले. माळावर बघायचा तसं बानं बोट ओलं करून वर धरलं. "आलं की गं!" म्हणाला. "भिजल्या भुशाचा वास येतोय. मेंढरांत निजल्यागत वाटतंय." गावाकडचं कोणी भेटायला आलं की तो त्यांना त्या पंख्यांखाली बसवायचा. "माझी पोर कुत्र्याच्या छत्र्या पिकवती," अशी माझी टर उडवायचा, आणि मग हळूच सांगायचा, "पर माझ्यासाठी वारं आणलंय तिनं घरात." ते ऐकायला मला फार आवडायचं.

सकाळी त्याच्या काळ्या घोंगडीवर पांढरी भुकटी दिसायची. मी ती दारात झटकायचे आणि शेजारच्या बांधकामाला शिव्या घालायचे. बा खोकायला लागला तेव्हाही त्याच बांधकामाला घातल्या. एकदा तर वर जाऊन मुकादमाशी भांडून आले. आणि आतल्या खोलीत जाताना मी स्वतः मात्र तोंडाला ओढणी घट्ट बांधायचे. पिकलेल्या अळंबीतून बारीक पांढरी भुकटी उडते, ती छातीत जाऊ द्यायची नाही, हेही त्या बाईंनीच शिकवलं होतं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. माझ्या डोक्यात त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत.

छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "घरात कबुतरं, कडबा, भुसा असं काही आहे का?" माझ्या डोळ्यांसमोर घोंगडी आली. माझ्या हातांनी मी बाला मारलं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही वाटतं.

बाला दवाखान्यात ठेवून मी घरी धावले. स्टुलावर चढले आणि वारं उलटं फिरेल म्हणून लाल-काळी वायर उलटी जोडली. असले पंखे उलटे फिरत नाहीत, नुसते थांबतात. सहा वर्षं वायरी जोडलेली बाई मी, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? थांबलेल्या पात्यांवर तीच पांढरी साय बसलेली होती. स्टुलावर उभी राहूनच मी रडले.

पंधरवड्यानं डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. बाचं एकच चाललं होतं, "मला घरी ने. त्या वाऱ्याखाली घाल, बरा हुईन मी."

"व्हय, नेते," मी म्हटलं.

सगळ्या पिशव्या, फुटायला आलेल्या अळंबीसकट, लांब नेऊन टाकल्या. आठवड्याचं होतं नव्हतं तेवढं पाणी ओतून खोली धुतली, भिंती पुसल्या, पंख्यांचं पातं न् पातं पुसलं, घोंगडी धुतली. खिडकीला नवं पोतं भिजवून लावलं. वायरी सरळ केल्या आणि बाला आणलं.

वारं सुटलं. गार आणि स्वच्छ. बानं बोट ओलं करून कसंबसं वर धरलं, मग नाक ओढलं.

"हे ते नाय," म्हणाला. "भुशाचा वास कुठं गेला? ते आधीचं सोड ना, माय. ते लई चांगलं हुतं."

खरं सांगितलं असतं तर पोरीनं आणलेलं वारंसुद्धा त्याच्यापाशी उरलं नसतं. मी म्हटलं, "बॅटरी कमी पडतीय, बा. उद्या सोडते."

त्याला ते पटलं. तीन दिवस तो सकाळी एवढंच विचारायचा, "भरली का गं बॅटरी?" आणि मी रोज उद्या म्हणायचे. चौथ्या सकाळी पंखे भुणभुणत होते आणि विचारणारं कोणी नव्हतं.