मशीनच्या डाव्या बाजूचं नाव

सकाळी टाकलेल्या फोटोवर 'एकदम नवी दिसतेय रे' लिहिणं आता बंद करा, प्लीज.

लालबागला आमच्या चाळीखालच्या पार्लरमधली ती व्हिडिओ गेमची मशीन मी भंगारवाल्याकडून सोडवून आणली. स्क्रीन बदलली, आत छोटा कॉम्प्युटर बसवला, सगळे जुने गेम टाकले. लाकडी खोका सुताराकडे दिला आणि वर ऐटीत बजावलं, "एकही ओरखडा दिसता कामा नये हां." त्याने बिचाऱ्याने इमानदारीत रंधा मारला आणि काळा सनमायका चिकटवला.

आज दुपारी आईला दाखवायला बोलावलं. तिने स्क्रीनकडे बघितलंही नाही. मशीनच्या डाव्या बाजूवरून नुसता हात फिरवत राहिली.

"हंय तेचा नाव होता ना रे?"

त्या पार्लरमध्ये जो सगळ्यांना हरवायचा, तो कर्कटकाने मशीनवर आपलं नाव कोरायचा. माझ्या दादाने कोरलं होतं. आईने ते बघितलं आणि तिथेच, सगळ्या पोरांसमोर त्याला बडवलं.

दादाला जाऊन चार वर्षं झाली. मशीन मी त्याच्याच आठवणीसाठी आणली होती. आणि त्याचं नाव मलाही ओरखडाच वाटलं.

"त्या नावापायी मी तेका मारलंय," आई म्हणाली, "आनि तू नावच पुसून टाकलंस."

पाणीही न पिता गेली.

माझ्याकडचे मशीनचे सगळे जुने फोटो समोरूनच काढलेले आहेत, डावी बाजू एकातही दिसत नाही. तिथे खेळलेल्यांपैकी कुणाकडे डाव्या बाजूचा एखादा फोटो आहे का रे?