उंटाच्या वशिंडातलं पाणी

वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही. तरीही चौथीच्या पोरांना ते शिकवलं, आणि मोठ्या तोऱ्यात शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अंबाजोगाईला बी.ए., मग डी.एड., आणि नोकरी धर्मापुरीच्या बाजूच्या एका खेड्यात, दोन खोल्यांच्या शाळेत. गावातल्या दुकानात तेव्हा शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नव्यानंच लटकू लागल्या होत्या, दुकानदाराच्या घरी रंगीत टीव्ही आला होता. शाळेतले तक्ते मात्र माझ्या लहानपणचेच. त्यात वाळवंट नव्हतंच.

त्या वर्षी वर्गात एका मेंढपाळाची मुलगी होती. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन बाहेर पडायचा आणि पोरगी त्याच्या मागं. दर वर्षी शाळा अर्धीच. मी बापाच्या मागं लागलो, "मामा, चौथी तरी होऊ द्या. पोरगी हुशार आहे. आत्याकडं ठेवा."

तो म्हणाला, "ठिवतो. पर मन लागलं तरच. रडत आली तर घेऊन जाईन, मंग तुमी म्हनायचं न्हाई."

मी कबूल झालो. वर चारचौघांत सांगितलंही, की पोरगी माझ्यामुळं थांबली.

वाळवंटाचा धडा आला तेव्हा मी परळीहून एसटीच्या टपावर टाकून पोतंभर राख आणली, तिथल्या थर्मल वीजकेंद्राची. नदीची वाळू भरड, तिच्या टेकड्या नीट होत नाहीत, असं माझं डोकं. फरशीवर राखेच्या टेकड्या केल्या, मातीचा उंट उभा केला, शेजारी फड्या निवडुंग खोचला.

दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "गुर्जी, एवढ्या विभूतीत तर अख्ख्या परळीची कपाळं भरतील की!"

वर्ग हसला. मीही हसलो. तेवढ्यात दारातून वारा आला आणि वाळवंट सगळ्यांच्या नाकातोंडात गेलं.

खोकून झाल्यावर मी निवडुंग समजावला. हे हिरवं दिसतं ते पान नव्हे, खोड. पाणी त्यात साठतं. पानांचे काटे झाले, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. "आपल्या बाभळीची पानं म्हनून बारीक अस्त्यात का?" एकानं विचारलं. मी खूश झालो. आणि त्या खुशीत उंटाकडं वळलो.

"उंट वशिंडात पाणी साठवतो. म्हणून त्याला कित्येक दिवस तहान लागत नाही."

मेंढपाळाची पोरगी उठली. "न्हाई गुर्जी. त्यात चरबी अस्ती."

"कुणी सांगितलं?"

"काठेवाडी येत्यात ना मेंढरं घेऊन, त्यांच्यासंगं उंट अस्त्यात. म्या बघितलं. उन्हाळ्यात एका उंटाचं वशिंड वाळून एका अंगाला पडलंतं. लई पानी प्याला तो, तरी उभं न्हाई ऱ्हायलं. चारा मिळाला, मंग हळूहळू भरलं."

याहून चांगलं निरीक्षण माझ्या वर्गात ना त्याआधी कुणी सांगितलं, ना नंतर. पण मला काय ऐकू आलं? पोर उलटं बोलते, एवढंच. दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "टीव्हीत बी पानीच सांगतेत," आणि मला जोर चढला.

"मेंढरं राखून शास्त्र आलं असतं तर मी अंबाजोगाईला काहून गेलतो?"

पोरं खो खो हसली. ती खाली बसली. मधल्या सुट्टीत पोरं तिला 'चरबी, चरबी' म्हणत फिरली, मी ऐकलं आणि पानाला चुना लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची आतेबहीण माझ्याच वर्गात होती, ती म्हणाली, "मेंढरांकडं गेली. रडत हुती."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर अंबाजोगाई गाठली. माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत प्राण्यांवरचं जाड इंग्रजी पुस्तक काढून डिक्शनरी घेऊन बसलो. खरं सांगतो, तिला खोटं पाडायलाच गेलो होतो. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं: वशिंडात चरबी. पाणी कमी लागतं ते दुसऱ्या कारणांनी. उंट घाम कमी गाळतो, लघवी घट्ट आणि थोडी करतो. मी इतका चिडलो! मला ज्या गुरुजींनी पाणी शिकवलं त्यांच्यावर, पाणी छापणाऱ्या गाइडवर, आणि बी.ए. होईपर्यंत एकदाही विचारायचं न सुचलेल्या माझ्या डोक्यावर.

रविवारी सायकल काढली. मेंढरं एका शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. लेंड्यांचं खत शेताला, त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य; शेत खतलं की मेंढरांचा तळ, म्हणजे वाडा, पुढच्या रानात. ऊन चढलं होतं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून गोल उभी होती, प्रत्येकाचं डोकं दुसऱ्याच्या सावलीत. आठवडाभर मी राखेत जे शिकवत होतो ते इथं चार पायांवर उभं होतं.

"मामा, पोरीचं बरोबर होतं. मी चुकलो."

बाप हसला. "मास्तर चुकलो म्हनाया सायकल हाणीत आला! लई झालं की. जा गं."

पोरगी जागची हलली नाही. "पोरास्नी सांगा आदी. मंग येते."

"उद्या सांगतो."

"आन् पेपरात काय लिवायचं?"

 पेपर परीक्षा केंद्रावरून यायचा, उत्तरंही तिथूनच, आणि तपासायला दुसऱ्या शाळेचे मास्तर. त्या उत्तरांत पाणीच असणार. "चरबी लिही," मी म्हणालो. "मार्क गेला तर गेला."

सोमवारी सकाळी हेडगुरुजींना सांगितलं. ते दारातच अडवून उभे राहिले. "आज साहेब तपासणीला येणार, आणि तुम्ही पोरांसमोर म्हणणार, चुकीचं शिकवलं? उद्या सांगा काय सांगायचं ते. उंट काय पळून चाललाय का?"

मी ऐकलं. साहेब आले, राखेचं वाळवंट पाहून 'छान, छान' म्हणाले. एका पोराला विचारलं, वशिंडात काय? पोरगं म्हणालं, पाणी. साहेबांनी मान डोलावली. मी भिंतीला टेकून गप्प उभा. माझी सगळी पदवी तेव्हा कुठं गेली होती कोण जाणे.

मंगळवारी पहिल्याच तासाला सांगितलं. "वशिंडात चरबी असते. मी चुकीचं शिकवलं. तिचं बरोबर होतं, आणि तिला हसलो ते आपण सगळे मूर्ख."

दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "मग काल सायबाला पानी काहून सांगू दिलंत?"

मी तिच्या आतेबहिणीकडं वळलो. "आज संध्याकाळी जाऊन तिला सांग, गुरुजींनी वर्गात सांगितलं म्हणून."

"वाडा काल दुपारीच हालला गुर्जी, लई लांब. ती सांजच्याला शाळा सुटस्तवर थांबा म्हनत हुती. मीच मधल्या सुट्टीत पळत जाऊन सांगितलं तिला, की गुर्जी काई बोल्ले न्हाईत."

पोरं वह्या उघडून बसली होती. मी फळ्यावर 'चरबी' लिहिलं आणि उतरवून घ्या म्हणालो.